माळ्यावरचा गठ्ठा रद्दीत देण्याआधी : खानदेशात जुनी मासिकं कशी शोधावी, वाचावी आणि वापरावी

बालकवींची कविता वाचायची तर त्यासाठी जुनं मासिक उघडायची गरज नाही. ती संग्रहात आहे, पाठ्यपुस्तकात आहे, मोबाइलवरही सापडते. जुनी मासिकं उघडायची ती ज्यांचा कधी संग्रहच निघाला नाही त्यांच्यासाठी. तालुक्याच्या शाळेतल्या एखाद्या मास्तरांनी आयुष्यात दोनच कथा लिहिल्या असतील; कुणा बाईची कविता 'एक भगिनी, पारोळे' एवढ्याच सहीखाली छापून आली असेल. अशा लेखनाला त्या अंकाबाहेर घर नाही. अंक रद्दीत गेला की लेखनही गेलं. फॅशनचंही तसंच आहे. पोलक्याची बाही कोणत्या साली फुगली आणि कधी आखूड झाली हे कुठल्या ग्रंथात सहसा मिळत नाही, मासिकाच्या चित्रात आणि जाहिरातीत मिळतं.

म्हणून हा लेख कामाच्या क्रमाने लिहिला आहे. आधी शोध, मग हाताळणी, मग अंकाचं साल ठरवणं, आणि त्यानंतर कथा, कविता आणि कपडे.

शोध कुठून सुरू करायचा

घरातून. खानदेशातल्या जुन्या घरांत माळ्यावर, धान्याच्या कोठीच्या मागे, लोखंडी ट्रंकेत मासिकं निघतात. दिवाळीच्या आधी साफसफाई सुरू होते तेव्हा ती खाली येतात आणि आठ दिवसांत रद्दीवाल्याकडे पोहोचतात, त्यामुळे नातेवाइकांना दसऱ्याच्या आधीच सांगून ठेवा. मे महिन्यात सुरत, नाशिक, पुण्याकडची मंडळी गावी येतात आणि घराच्या वाटण्या-डागडुजीच्या गोष्टी निघतात, तोही चांगला काळ. विचारताना 'जुनी पुस्तकं आहेत का' असं विचारू नका. लोक मासिकाला पुस्तक म्हणत नाहीत आणि नाही सांगून मोकळे होतात. 'दिवाळी अंक, 'स्त्री', 'किर्लोस्कर', 'चांदोबा' असं काही पडलंय का' असं नाव घेऊन विचारा. मोठ्या वहिनींना, मावशींना आधी विचारा. विणकामाची आणि पाककृतींची पानं बहुतेक घरांत बायकांनीच जपली आहेत, कधी पूर्ण अंक, कधी नुसती कापलेली पानं.

रद्दीवाल्याशी ओळख करून घ्या. किलोच्या भावापेक्षा थोडं जास्त देऊ, पण गठ्ठा सोडायच्या आधी आम्हाला फोन करा, एवढं ठरलं तरी पुरे. गठ्ठा तिथे उभ्यानेच निवडत बसू नका. एका नावाचे सगळे अंक सरसकट घ्या. मधले दोन अंक राहिले की क्रमशः कादंबरीची दोन प्रकरणं गेली.

मग वाचनालयं. जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय, अमळनेरचं साने गुरुजींच्या नावाचं ग्रंथालय, शिवाय तालुक्या-तालुक्यातली नगरवाचनालयं. ग्रंथपालांना दोन गोष्टी विचारा. बांधीव खंड कोणत्या मासिकांचे आहेत, आणि जुनी दाखल नोंदवही पाहता येईल का? नोंदवहीत वाचनालयात कोणती नियतकालिकं येत होती ते कळतं. पुष्कळदा गठ्ठा मागच्या खोलीत असतो आणि कुणाच्या लक्षात नसतो. गर्दीच्या वेळी जाऊ नका, परीक्षेच्या दिवसांत तर नकोच.

खानदेशासाठी विशेष महत्त्वाची नावं सांगतो. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली जळगावातून 'काव्यरत्नावली' सुरू केली आणि ती १९३५ पर्यंत चालली. निव्वळ कवितेला वाहिलेलं मासिक, तेही मुंबई-पुण्याबाहेरून, इतकी वर्षं. केशवसुत स्वतः भडगाव आणि फैजपूरला शिक्षक होते आणि त्यांच्या कविता या मासिकात येत. १९०७ साली जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. त्र्यंबक बापूजी ठोंबरे या धरणगावच्या मुलाला 'बालकवी' ही पदवी तिथे मिळाली. या काळातला जळगावकडचा कुठलाही फाटका अंक दिसला तर तो हातचा सोडू नका.

साने गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवताना 'विद्यार्थी' मासिक काढलं, पुढे १९३८ साली 'काँग्रेस' साप्ताहिक. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिकही चालवत. ही हस्तलिखितांची रीत पुढे खूप शाळांत टिकली, म्हणून आपल्या जुन्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटून 'हस्तलिखित अंकांचं कपाट' विचारा. शाई उडालेली, चित्रं पाण्याच्या रंगांत काढलेली, पण त्यांत आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या माणसांच्या पहिल्या कविता असतात. अमळनेरचं प्रताप महाविद्यालय, जळगावचं मूळजी जेठा महाविद्यालय यांसारख्या जुन्या महाविद्यालयांचे वार्षिकांकही याच कारणासाठी बघावेत. त्यांतले विद्यार्थ्यांचे समूहफोटो फॅशनच्या अभ्यासाला फार उपयोगी पडतात, ते पुढे सांगतोच.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि त्यानंतर त्यांच्या नावाने ही संस्था उभी राहिली. तिचं 'संशोधक' हे त्रैमासिक ललित लेखनाचं नाही, पण खानदेशातल्या माणसांची, गावांची, घराण्यांची माहिती पडताळायला तिथे जावंच लागतं.

घरबसल्या काय मिळतं? बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासूनचं संकेतस्थळावर मोफत वाचता येतं. 'साधना'चे जुने अंक साधनेच्या संकेतस्थळावर आहेत. इंटरनेट अर्काइव्हवर मराठी मासिकांचे कितीतरी खंड आहेत, पण नावं रोमन लिपीत वाट्टेल तशी लिहिलेली असतात. 'मनोरंजन' शोधताना तीन-चार स्पेलिंगं घालून बघा, आणि नाहीच सापडलं तर संपादकाच्या नावाने शोधा. शंकर गणेश दाते यांच्या सूचीकार्यातून मराठी ग्रंथांच्या आणि नियतकालिकांच्या याद्या झाल्या आहेत. मोठ्या वाचनालयात त्या संदर्भविभागात असतात. कोणतं मासिक कधी सुरू झालं हे आधी तिथे बघितलं की पुढचं काम निम्मं होतं.

गठ्ठा हाती आल्यावर

पहिल्या दिवशी वाचायचं नाही. तोंडाला रुमाल किंवा मास्क लावा, गठ्ठा अंगणात किंवा गच्चीत सावलीत उघडा. उन्हात वाळत घालू नका. जळगाव-भुसावळचं उन्हाळ्यातलं ऊन कापसाच्या कागदाचीही दैना करतं, आणि मासिकांचा कागद तर बहुतेक लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं आम्ल कागदाला आतूनच पिवळा आणि ठिसूळ करत जातं, ऊन ते काम आणखी लवकर उरकतं. मऊ ब्रशने किंवा जुन्या मलमलीने धूळ मधून कडेकडे झाडा. वाळवी किंवा कसर दिसली तर तो अंक बाकीच्यांपासून वेगळा, बंद पिशवीत ठेवा.

गंजलेल्या पिना हळूच काढा. पिन ओढायची नाही. मागच्या बाजूने पाय सरळ करून मग बाहेर काढायची. तिथे नंतर पांढऱ्या सुती दोऱ्याने दोन टाके घातले की झालं. चिकटपट्टी मात्र कुठेही लावू नका. ती काही वर्षांनी तपकिरी होते, अक्षरं घेऊन निघते आणि तिचा डाग कशानेच जात नाही. प्लास्टिकचं लॅमिनेशनही नको. फाटलेलं पान कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा, तेवढं बस. घडी पडून मोडायला आलेली पानं पावसाळ्याच्या दमट दिवसांत उघडणं मे महिन्यापेक्षा सोपं जातं, कारण हवेतल्या ओलाव्याने कागद किंचित मऊ होतो. ठेवायचे मात्र कोरड्या जागी, आडवे, भिंतीला न टेकवता.

अंक कोणत्या सालचा

मुखपृष्ठ आणि पहिली चार पानं गेलेला अंक सर्वांत जास्त सापडतो, आणि लोक नेमका तोच टाकून देतात. तो टाकू नका. आतल्या खुणांवरून साल बऱ्यापैकी जवळ आणता येतं. माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत आनंदाचा भाग हाच.

किमतींपासून सुरुवात करा. जाहिरातीत रुपये, आणे, पै असतील तर अंक १ एप्रिल १९५७ च्या आधीचा असण्याची शक्यता मोठी. त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नये पैसे' किंवा 'न. पै.' असेल तर १९५७ ते १९६४, कारण १ जून १९६४ पासून 'नये' गळून नुसते 'पैसे' राहिले. नाणी बदलल्यावरही काही वर्षं लोक आण्यांतच बोलत आणि जाहिरातवालेही दोन्ही छापत, तेव्हा एका जाहिरातीवर निकाल देऊ नका.

मग पत्ते. खानदेश १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला. 'जि. पूर्व खानदेश' म्हणजे आजचा जळगाव, 'जि. प. खानदेश' म्हणजे आजचे धुळे-नंदुरबार. महाराष्ट्र राज्य झाल्यावर जळगाव आणि धुळे ही जिल्ह्यांची नावं रूढ झाली, आणि नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. म्हणजे 'नंदुरबार, जि. धुळे' लिहिलेलं पत्र कोणत्या काळातलं ते सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या पत्त्यांत 'पुणे ३०' असेल तर पिनकोडच्या आधीचं. १५ ऑगस्ट १९७२ पासून तेच 'पुणे ४११ ०३०' झालं. शेवटचे आकडे तेच राहिले.

शुद्धलेखन ही तिसरी खूण. 'नाहीं', 'कांहीं', 'गांव', 'करूं' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार सर्रास असतील तर अंक बहुधा १९६२ च्या आधीचा. त्या वर्षी मराठी साहित्य महामंडळाने नवे नियम मान्य केले. 'अिंग्रज', 'अुद्योग' असं छापलेलं दिसलं तर दचकू नका. सावरकरांच्या लिपिशुद्धीतली ती अ-ची बाराखडी आहे, आणि 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' या मासिकांनी ती बराच काळ वापरली.

समजा, पुढची-मागची पानं नसलेला एक अंक समोर आहे. कथेच्या शेवटी उरलेल्या जागेत केसांच्या तेलाची जाहिरात, किंमत 'बाटलीस १२ आणे'. वाचकांच्या पत्रांत 'चोपडे, जि. पू. खानदेश'. अनुस्वार जुने. अंक १९०६ ते १९५७ मधला झाला. आता सिनेमाची जाहिरात शोधा. चित्रपटाचं प्रदर्शनाचं साल सहज मिळतं. तीही नसेल तर कागद बघा. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई होती, तेव्हाचे अंक अंगाने बारीक, अक्षर बारीक आणि समास कमी. मजकुरात स्वातंत्र्य, फाळणी, रेशन यांचे उल्लेख कसे येतात ते बघा. एवढं केल्यावर तीन-चार वर्षांच्या टप्प्यात उत्तर येतं, आणि वाचनालयातल्या बांधीव खंडाशी पानं ताडून नेमका महिनाही सापडू शकतो.

पहिलं पान शाबूत असेल तर 'वर्ष ६ वे, अंक ३ रा' अशी नोंद मिळते. 'स्त्री' १९३० साली सुरू झालं, म्हणजे त्याचं सहावं वर्ष १९३५ च्या आसपास. मात्र पुष्कळ मासिकांचं वर्ष जानेवारीत सुरू होत नसे, तेव्हा एक वर्ष इकडेतिकडे धरा. शके दिलं असेल तर चैत्र ते डिसेंबरसाठी ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. शके १८५७ चा दिवाळी अंक म्हणजे १९३५ ची दिवाळी. दिवाळी अंकांची परंपरा 'मनोरंजन'ने १९०९ साली सुरू केली, तेव्हा त्याच्या कितीतरी आधीचा म्हणून कुणी 'दिवाळी अंक' विकायला आणला तर पुन्हा एकदा नीट बघा.

अंक पूर्ण वाचा, मग निवडा

आवडलेली कविता तेवढी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायची, हा मोह आवरा. कवीचं नाव गळतं, साल गळतं, आणि महिन्याभरात ती 'अज्ञात' म्हणून परत तुमच्याकडेच येते. आधी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचा. संपादकीय, वाचकांची पत्रं, 'साभार पोच', वर्गणीदारांची यादी, लग्न जुळवणाऱ्या जाहिराती, सगळं. खानदेशची माणसं याच जागांत भेटतात. 'साभार पोच'मध्ये धुळ्यात छापलेलं एखादं पंचवीस पानी पुस्तक नोंदलेलं असतं, ज्याची प्रत आता कुठेच दिसत नाही.

एक वही घाला. प्रत्येक अंकासाठी मासिकाचं नाव, वर्ष-अंक, महिना, साल (अंदाजाचं असेल तर तसं लिहून), प्रत कुणाकडची; आणि खाली खानदेशशी संबंध असलेली प्रत्येक गोष्ट पानाच्या क्रमांकासह. लेखकाच्या नावाखाली गाव छापलेलं असेल तर ते जसंच्या तसं लिहा: 'एरंडोल', 'यावल', 'शहादें'. स्त्रियांच्या बाबतीत 'सौ.', 'कु.', 'श्रीमती' हेही नोंदवा. एकच लेखिका लग्नाआधी एका नावाने आणि नंतर दुसऱ्या नावाने लिहिते, आणि 'कु.'चं 'सौ.' झालेलं साल हाच पुष्कळदा दोन नावं जोडणारा धागा ठरतो.

कथांसाठी बांधीव खंड उत्तम, कारण क्रमशः मजकूर सलग मिळतो. पण एक लक्षात ठेवा. वाचनालयं खंड बांधताना बहुतेकदा मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकत. कापडी पुठ्ठ्यात जाड खंड मावत नसे आणि जाहिरात ठेवायची कशाला असं वाटे. म्हणून फॅशन शोधायची असेल तर बांधीव खंडापेक्षा माळ्यावरचा सुटा, मळका अंक मोलाचा.

कथा वाचताना भाषा ऐका. लेवा पाटीदारांची बोली, अहिराणी, तावडी यांतले शब्द प्रमाण मराठीच्या कथेत मधूनच डोकावतात, विशेषतः संवादांत. संपादकांनी ते काही ठिकाणी कंसात अर्थ देऊन छापले आहेत, काही ठिकाणी सरळ बदललेले जाणवतात. असे शब्द वेगळे काढून घरातल्या आजी-आजोबांना वाचून दाखवा. 'हा शब्द आमच्याकडे असा नाही, असा' असं ते सांगतात, आणि कथाकाराचं गाव तापीच्या कोणत्या काठचं असेल याचा अंदाज येतो.

कविता उतरवून घेताना

कविता हाताने उतरवा किंवा टंकलेखन करा, पण एक नियम कडक पाळा: मूळ शुद्धलेखनाला हात लावायचा नाही. जुन्या वृत्तबद्ध कवितेत ऱ्हस्व-दीर्घ हा हिशेबाचा भाग आहे. कवीने 'कवि' लिहिलं आणि तुम्ही आजच्या नियमाने 'कवी' केलं, की लघूचा गुरू झाला आणि ओळ अडखळली. 'नदि'सारखी रूपं कवीने वृत्तासाठी मुद्दाम घेतलेली असतात. आजच्या वाचकांसाठी सुधारित प्रत हवी असेल तर ती वेगळी करा आणि वर तसं लिहा.

छापण्यातली उघड चूक दिसली तरी ओळीत दुरुस्त करू नका. शेजारी नोंद करा. उतरवून झाल्यावर कविता मोठ्याने म्हणा. एखादी ओळ लंगडी वाटली तर दहापैकी आठ वेळा उतरवताना अक्षर सुटलेलं असतं; पुन्हा अंकाशी ताडा.

पुढे संग्रहात आलेली कविता असेल तर दोन्ही पाठ शेजारी ठेवा. कवी संग्रह काढताना कडवी गाळतात, शब्द बदलतात, शीर्षक तर हमखास बदलतात. खानदेशच्या कवींच्या बाबतीत हे काम अजून पुष्कळ बाकी आहे. धुळ्याला जन्मलेले कवी विनायक, धरणगावचे बालकवी यांच्या मासिकांतल्या पहिल्या पाठांकडे कुणी तरुण अभ्यासकाने खानदेशात बसून चिकाटीने पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

बहिणाबाईंचं उदाहरण वेगळं आहे. आसोद्याच्या बहिणाबाई १९५१ साली वारल्या आणि त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. ती शेतात, जात्यावर म्हटली गेली, इतरांनी टिपली म्हणून राहिली. अशा ओव्या म्हणणाऱ्या बायका त्या काळी गावोगाव होत्या. जुन्या मासिकांतल्या 'स्त्रीगीते', 'ओव्या', 'लोकगीते' या सदरांकडे म्हणूनच दुर्लक्ष करू नका. पाठवणाऱ्याचं नाव एकाचं आणि म्हणणारी दुसरीच, अशा नोंदी तिथे मिळतात. म्हणणारीचं नाव असेल तर ते आधी लिहा.

कपडे, विणकाम, केशरचना

मुखपृष्ठावरून फॅशन ठरवू नका, हे पहिलं. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी रंगवलेल्या स्त्रिया मनात घर करतात, पण ते चित्रकाराचं सौंदर्य आहे. यावल-रावेरकडची बाई त्या साली शेतात जाताना काय नेसत होती ते त्यावरून कळत नाही. खरं चित्र हवं असेल तर तीन ठिकाणं ताडा: कापडाच्या जाहिराती, शिवणकामाची सदरं, आणि त्याच काळातले स्टुडिओत काढलेले घरचे फोटो. महाविद्यालयांच्या वार्षिकांकांतले समूहफोटो चौथं. एकाच महाविद्यालयाचे दहा वर्षांचे फोटो ओळीने लावले की नऊवारीतून गोल साडीकडे जाणं, बाहीची लांबी, अंबाड्याची जागा, मुलांच्या डोक्यावरून टोपी जाणं हे डोळ्यांसमोर घडतं. आणि गावात ते उशिरा पोहोचलं, हेही दिसतं.

जुना बेत आज शिवायचा असेल तर मापं बदलून घ्यावी लागतात. वार म्हणजे ३६ इंच, सुमारे ९१ सेंटिमीटर. त्याहून महत्त्वाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी. समजा, सदरात '२७ इंच पन्ह्याचं दीड वार' लिहिलं आहे; आज ब्लाऊजपीसचं कापड साधारण ४४ इंच पन्ह्याचं मिळतं, म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबाने ३३ इंच पुरायला हवं. पण फुग्याच्या बाह्यांना रुंदी लागते, म्हणून कापड कापण्याआधी वर्तमानपत्रावर कागदी बेतणी करून ती पन्ह्यावर मांडून बघा. जुन्या बेतांत माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड) धरलेली आहे की नाही हे क्वचितच सांगितलेलं असतं. छातीचं माप अंगाचं की तयार कपड्याचं, हेही आकृतीवरून ओळखावं लागतं. पहिला कपडा मांजरपाटाचा शिवा, आणि कापड आधी पाण्यातून काढा.

विणकामाच्या कृतींमुळे लोक सर्वांत जास्त गोंधळतात, म्हणून एक कृती उलगडून दाखवतो. 'नं. १० च्या सुया, तीनपदरी लोकर ६ औंस, ९८ टाके घाला, इंचाला ७ टाके' अशी सूचना आहे असं समजू. जुन्या विलायती मोजणीत आकडा मोठा तशी सुई बारीक: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ नंबर म्हणजे पावणेतीन. आजच्या पाकिटावर मिलिमीटर असतात, तेव्हा '१० नंबर' वाचून दहा मिलिमीटरच्या सुया आणल्या तर स्वेटरची गोधडी होईल. सहा औंस म्हणजे १७० ग्रॅम. आता ९८ ला ७ ने भागा, १४ इंच आले. ही एक बाजू; पुढचा-मागचा भाग मिळून २८ इंच. म्हणजे कृतीवर 'मुलाचा स्वेटर' एवढंच लिहिलेलं असलं तरी तो आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा आहे हे कळलं. सुरुवातीला चार इंचांचा चौकोन विणून इंचाला सात टाके येतात का ते बघा; सहाच येत असतील तर सुई एक नंबर बारीक घ्या. 'सु.', 'उ.', 'सा. घे.' अशी संक्षिप्त रूपं प्रत्येक मासिकाची निराळी असतात. त्यांचा खुलासा बहुतेकदा सदराच्या पहिल्या अंकातच असतो, म्हणून त्या वर्षाचा पहिला अंक शोधा.

खानदेशातल्या जानेवारीच्या थंडीला असा तीनपदरी हातविणीचा स्वेटर अगदी पुरतो.

काळ्या-पांढऱ्या चित्रांतल्या रंगांचा अंदाज बांधू नका. शेजारच्या मजकुरात 'आमसुली', 'गुलबक्षी', 'चिंतामणी', 'मोतिया' अशी रंगांची नावं येतात, ती वेगळ्या यादीत लिहा. नव्वदीतल्या एखाद्या आजींना विचारून प्रत्येक नावासमोर दोऱ्याचा तुकडा डकवला तर ती यादी कुठल्याही पुस्तकात न मिळणारी होईल.

फोटो आणि नकला

चपटा स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय पुरे, बारीक अक्षराला ४००. पण ठिसूळ अंक स्कॅनरवर दाबू नका. तिथे मोबाइल चांगला. खिडकीजवळ, फ्लॅश बंद, मोबाइल पानाला समांतर. अंक पूर्ण उघडत नसेल तर दोन्ही बाजूंना जाड पुस्तकं ठेवून तो इंग्रजी व्हीच्या आकारात टेकवा आणि आधी सगळी उजवी पानं, मग सगळी डावी असे फोटो काढा. कोरी पानं, जाहिराती, मुखपृष्ठाची आतली बाजू, सगळं घ्या. फाइलला नाव देताना मासिक, साल, महिना, पान असा क्रम ठेवा. 'नवीन फोटो १२' असं नाव दिलं की ते काम गेलंच.

गूगल डॉक्स मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखतं. जुन्या टायपातली जोडाक्षरं, रफार आणि अनुस्वार मात्र ते गाळतं, म्हणून कवितेसाठी त्यावर भिस्त ठेवू नका. शोधण्यासाठी उपयोगी, उतरवण्यासाठी नाही.

काय छापता येतं, काय नाही

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून, ६० वर्षं हक्क चालतो. बालकवी १९१८ साली गेले, साने गुरुजी १९५० साली. त्यांचं लेखन आता सर्वांसाठी खुलं आहे. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाला प्रसिद्धीपासून ६० वर्षं, म्हणून बहिणाबाईंच्या १९५२ च्या पुस्तकातली गाणीही खुली झाली. निनावी किंवा टोपणनावाच्या लेखनाला, लेखक कोण ते उघड झालेलं नसेल तर, प्रसिद्धीपासूनच मोजायचं. चित्रांचा हिशेब वेगळा करावा लागतो: दलाल १९७१ साली वारले, तेव्हा त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे. कथा खुली आणि तिच्यावरचं चित्र बंद, असं सहज घडतं. स्वतःच्या अभ्यासासाठी नक्कल करायला हरकत नाही. छापायला किंवा संकेतस्थळावर टाकायला वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या.

आणि हक्क संपलेला असला तरी घरच्यांना सांगा. एखाद्या शिक्षकाची साठ-सत्तर वर्षांपूर्वीची कथा सापडली, की नाव आणि गाव यांवरून त्यांचा नातू शोधणं खानदेशात फारसं अवघड नाही. दोन फोन पुरतात. घरात ती कथा लिहिल्याचं बहुधा कुणाला माहीतच नसतं. पत्राच्या खाली पूर्ण पत्ता छापलेला असेल तर तो मात्र जाहीर करू नका, त्या घरात आज दुसरी माणसं राहतात.

काम झाल्यावर अंक वाचनालयाला द्यायचे असतील तर नुसते पिशवीत घालून ठेवून येऊ नका. वहीतली यादी दोन प्रतींत करा, एक गठ्ठ्यासोबत द्या, दुसरीवर ग्रंथपालांची सही आणि शिक्का घ्या. अंक दाखल नोंदवहीत चढवायला सांगा आणि मिळालेले दाखल क्रमांक आपल्या यादीत त्या त्या अंकासमोर लिहून ठेवा. नोंद नसलेला गठ्ठा पुढच्या निर्लेखनात (नको असलेली पुस्तकं काढून टाकण्यात) सर्वांत आधी बाहेर जातो. वाचनालयाकडे जागा नसेल आणि ते तसं स्पष्ट सांगत असतील तर तो खरेपणा माना, अंक घरी परत आणा आणि महाविद्यालयाच्या मराठी विभागात विचारा.